बुकमार्कचं बिऱ्हाड

व्हॅनेव्हार बुश या अमेरिकी अभियंत्याने जुलै 1945 मध्ये ‘द अटलांटिक मंथली’त एका यंत्राचं वर्णन केलं. ते यंत्र कधी बनलं नाही. नाव मेमेक्स, टेबलाएवढं, पोटात मायक्रोफिल्म. वाचणाऱ्याने एका मजकुराला दुसरा जोडत जायचं आणि ती जोडणी त्यात कायम राहायची. बुकमार्कचं मूळ शोधणारे बहुतेकजण इथवर येऊन थांबतात. मला त्यातली एक साधी बाब अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हे टेबल वाचणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीत होतं.

वेबवरच्या बुकमार्कची सुरुवातही घरातूनच झाली. 1993 मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक ब्राउझरमध्ये त्याला ‘हॉटलिस्ट’ म्हणत. 1994 च्या नेटस्केपने ‘बुकमार्क’ म्हटलं, मायक्रोसॉफ्टने पुढे ‘फेव्हरिट्स’. नेटस्केप सगळे पत्ते एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवायचा. फाइलच्या वरच्या भागात तंबी होती की, ही आपोआप बनते, हिच्यात फेरफार करू नका. तरी ती उघडायला, फ्लॉपीवर घ्यायला, दुसऱ्याला द्यायला कुणाचीच आडकाठी नव्हती.

पण ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि घरी दुसरा, अशी वेळ आली आणि यादी दुभंगली. जोशुआ शॅक्टर हा न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन स्टॅन्लीत नोकरी करणारा प्रोग्रॅमर. तो आपले हजारो दुवे एका टेक्स्ट फाइलमध्ये टिपून ठेवत असे आणि प्रत्येकापुढे एकदोन शब्दांची खूण लिहीत असे. त्यातूनच 2003 मध्ये डिलिशस निघालं. एका दुव्याला हवे तेवढे टॅग लावायचे, फोल्डरची भानगडच नाही. यादी सर्व्हरवर, कुठूनही दिसणारी आणि इतरांनाही खुली. डिसेंबर 2005 मध्ये याहूने ते विकत घेतलं. बुकमार्कने घर सोडलं आणि भाड्याच्या जागेत बिऱ्हाड थाटलं.

आणि इथेच या वंशावळीतला मला सर्वांत आवडणारा फाटा फुटतो. डिलिशसने एपीआय खुला ठेवला होता, म्हणजे ब्राउझर न उघडताही एखादा प्रोग्रॅम सर्व्हरशी परस्पर बोलू शकत होता. त्याचे नियम समंजस होते. दोन विनंत्यांमध्ये निदान एक सेकंद थांबा. आधी शेवटचा बदल कधी झाला तेवढंच विचारा आणि बदल झाला असेल तरच पूर्ण यादी मागा. या दारातून डेस्कटॉप अ‍ॅप आत आली. मॅकवर बझ अँडरसनचं कोकोअलिशस आलं. जस्टिन मिलरचं पुक्का चालू पानाचा दुवा झटपट टाकण्यापुरतंच होतं आणि तेवढं काम चोख करायचं. यादी सर्व्हरवर नांदायची, पण शोधायला आणि आवरायला मात्र आपलीच खिडकी.

हा नुसता सोयीचा मामला नव्हता, हे जानेवारी 2009 च्या अखेरीस कळलं. मॅग्नोलिया ही डिलिशसची देखणी स्पर्धक. तिचा सुमारे अर्धा टेराबाइटचा डेटाबेस खराब झाला आणि बॅकअपही कामी आला नाही, कारण बिघडलेला डेटाच त्यात उतरत गेला होता. लोकांचे वर्षानुवर्षांचे दुवे गेले. काहींना सर्च इंजिनांच्या कॅशमधून आपल्या यादीचे तुकडे वेचावे लागले. ज्याच्याकडे स्वतःच्या मशीनवर प्रत होती, तो वाचला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2010 मध्ये, याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड फुटली. बंद करायच्या सेवांत डिलिशसचं नाव होतं. घाबरलेले लोक माचेय त्सेग्वोव्स्कीच्या पिनबोर्डकडे धावले. 2009 पासून चालणारी ही सेवा रुक्ष, जाहिरातींविना आणि पैसे घेणारी होती. तिचा एपीआय मुद्दाम डिलिशसच्याच धर्तीवर बेतलेला असल्याने जुनी अ‍ॅप थोड्याशा बदलाने नव्या घरी चालू लागली. ज्याने हा निर्णय घेतला, त्याला वापरणाऱ्याची नाडी कळली होती, असं माझं मत. डिलिशस मात्र हातोहात फिरत राहिलं आणि 2017 मध्ये याच पिनबोर्डने ते 35,000 डॉलरला विकत घेतलं.

इतर सेवांची गत वेगळी नाही. एक्समार्क्स 2018 मध्ये मिटलं, गूगल बुकमार्क्स 2021 मध्ये, पॉकेट 2025 मध्ये. नेटस्केपही 2008 मध्येच संपला, पण त्याची फाइल मागे उरली. क्रोम असो की फायरफॉक्स, बुकमार्क मॅनेजरमधून एक्स्पोर्ट केलेल्या एचटीएमएल फाइलच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं. तुम्ही कुठलीही सेवा वापरत असलात, तरी अधूनमधून ही फाइल काढा आणि स्वतःच्या डिस्कवर ठेवा. एखादी सेवा असं एक्स्पोर्ट करू देत नसेल, तर तिथे दुवे साठवू नका.