किल्ली गेली, शब्द राहिला

मराठी माणूस घड्याळाला ‘किल्ली देतो’. आता मनगटी घड्याळाला किल्ली असते कुठे? तीनच्या आकड्याशेजारी एक खाचेदार बोंड असते, ते दोन बोटांत धरून आपण फिरवतो. इंग्रजांनी त्याला ‘क्राउन’ असे राजेशाही नाव दिले आहे. आपण मात्र त्यालाही किल्लीच म्हणत आलो. हा शब्द चुकीचा नव्हे. नाहीशा झालेल्या एका वस्तूची ती आठवण आहे.

पूर्वी खिशातल्या घड्याळाला खरोखरीची किल्ली लागे. रोज झाकण उघडायचे, आतल्या चौकोनी टोकावर किल्ली बसवायची आणि कमान आवळायची. काटे पुढेमागे करायचे तरी पुन्हा किल्लीच हवी. या रोजच्या उघडझाकीने धूळ आत जाई. आणि किल्ली हरवली की चांगले चालते घड्याळ मुके होऊन बसे. इंग्लंडात टॉमस प्रेस्ट याने 1820 मध्ये बोंड फिरवून कमान आवळण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले खरे, पण काटे लावण्याचा प्रश्न तिने सुटला नाही.

तो सोडवला आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळजीने. 1844 च्या पॅरिसमधील औद्योगिक प्रदर्शनात त्याने आपले किल्लीवाचूनचे घड्याळ मांडले. तिथे जिनिव्हाच्या पाटेक या व्यापाऱ्याची नजर त्यावर गेली आणि पुढे दोघांची भागीदारी जमली. 1851 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसचे महाप्रदर्शन भरले, तेव्हा या भागीदारांचे बिनकिल्लीचे एक घड्याळ खुद्द व्हिक्टोरिया राणीकडे गेले. मग काय विचारता!

यातली मौज अशी, की एकच बोंड दोन कामे करते. बोंडाला आत एक बारीक दांडी असते. दांडीच्या चौकोनी भागावर एक दातेरी चाक पुढेमागे सरकते. बोंड आत असले की ते कमानीच्या चाकांशी जुळते. बाहेर ओढले की काट्यांच्या चाकांशी. आजही हाताने किल्ली द्यायच्या मनगटी घड्याळात हाच प्रकार दिसतो.

पण किल्ली गेली तरी कवचाला भोक राहिलेच. पहिल्या महायुद्धात घड्याळ शिपायांच्या मनगटावर आले आणि चिखल, पाणी, घाम यांना आत शिरायला तीच वाट सापडली. 1926 मध्ये रोलेक्सने पेचाने घट्ट बसणाऱ्या बोंडाचे ‘ऑयस्टर’ घड्याळ काढले. पुढल्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज तरुणी ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली. दहा तासांहून अधिक वेळ ती त्या गारठ्यात पोहत होती. त्या खेपेस खाडी पार झाली नाही. घड्याळ मात्र चालत राहिले.

या इतिहासाकडे मी वळलो तो वडिलांच्या घड्याळामुळे. वर्षानुवर्षे रोज पीळ खाऊन त्याची दांडी झिजली होती. एके सकाळी बोंड माझ्या बोटांतच आले. दीड दिवस ते आपल्या शिलकीवर चालले आणि थांबले. एका दुकानात सांगितले, ‘आता नवंच घ्या.’ मन होईना. अखेर गल्लीच्या तोंडाशी टपरी टाकून बसणारे एक म्हातारे घड्याळजी भेटले.

“काका, होईल का हो हे?”

त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण काढले आणि म्हणाले, “आतलं यंत्र ठणठणीत आहे. तिथवर पोचायची वाट तेवढी बंद झालीय.”

एक इवलासा स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करून त्यांनी मोडकी दांडी चिमट्याने ओढून काढली. पत्र्याच्या डबीतून त्याच जातीची नवी दांडी आणि तिच्या आट्यांना जुळणारे बोंड शोधले. दांडी लांबच येते. ती बेताने कापावी लागते. जास्त राहिली तर बोंड कवचाला टेकत नाही आणि फटीतून धूळ शिरते; कमी झाली तर आतले चाक नीट जुळत नाही. काका कानशीने चार-दोनदा घासत आणि लावून पाहत. शेवटी बोंड फिरवले आणि ती ओळखीची करकर ऐकू आली. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांची सकाळ याच आवाजाने सुरू होत असे.

1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना निघाला, आणि पुढे घरोघरी स्वदेशी घड्याळाची किल्ली फिरू लागली. 1969 मध्ये जपानच्या सेको कंपनीने मनगटी क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि कमान आवळण्याचे कामच उरले नाही. 2016 मध्ये एच.एम.टी.चा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा सरकारी निर्णय झाला. आता जुने सुटे भाग मिळतात ते अशाच डब्यांतून, आणि त्या डब्या ओळखणारी बोटेही थकत चालली आहेत.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एखादे बोंड तुटलेले घड्याळ खणात सापडले, तर ते भंगारात टाकण्यापूर्वी अशा एखाद्या काकांना दाखवा. बहुधा आतली कमान नुसती किल्लीची वाट पाहत असेल.