लंबकाचा धडा

वऱ्हाडांत यवतमाळहून अमरावतीस जातांना वाटेंत नेर हें तालुक्याचें गांव लागतें. तेथील एखाद्या शाळेंत शिक्षकानें मुलांना दोरा, कांहीं दगड आणि फूटपट्टी देऊन विचारावें, ‘लंबकाचा झोका जलद किंवा सावकाश कशामुळें होतो?’ बहुतेक मुलें एकच उत्तर देतील : दगडाच्या वजनामुळें. प्रयोगहि तसाच व्हावयाचा. एक मुलगा आंखूड दोऱ्यास लहानसा खडा बांधतो, लांब दोऱ्यास मोठा धोंडा बांधतो आणि दोन्ही झोके मोजतो. धोंडा सावकाश हालतो. ‘पाहा, जड वस्तु हळू हालते,’ असें तो मोठ्या आनंदानें सांगतो. त्याचें निरीक्षण खरें, घड्याळ खरें; अनुमान मात्र खोटें. कारण वजनाबरोबर त्यानें दोऱ्याची लांबीहि बदलली.

या मुलास हंसण्याचें कारण नाहीं. प्रयोगांत ज्या ज्या गोष्टी बदलूं शकतात त्यांस शास्त्रज्ञ ‘चलें’ म्हणतात. एका वेळीं एकच चल बदलावें व बाकीचीं स्थिर ठेवावींत, हा नियम ऐकावयास सोपा आहे. पण तो पाळतांना थोरांचीहि परीक्षा झालेली आहे.

इटलींत गॅलिलिओनें १६०२ सालच्या एका पत्रांत असें प्रतिपादिलें कीं, झोका लहान असो वा मोठा, त्यास वेळ सारखाच लागतो. लहान झोक्यांपुरतें हें इतकें खरें आहे कीं फरक सहसा ध्यानांत येत नाहीं. परंतु लंबक उभ्या रेषेपासून ६० अंश दूर ओढून सोडला तर वेळ शेंकडा सुमारें ७ नें वाढतो. झोक्याचा विस्तार हें चल गॅलिलिओसारख्याच्याहि हातून निसटलें. हॉलंडांतील हायगेन्स यानें १६५६ सालीं लंबकाचें घड्याळ तयार केलें, आणि १६७३ सालच्या आपल्या ग्रंथांत वर्तुळाकार झोक्याचा हा दोष गणितानें दाखवून दिला.

त्याच सुमारास, १६७२ सालीं, जां रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेंत विषुववृत्तानजीक केयेन येथें गेला. पॅरिस येथें बरोबर चालणारें त्याचें घड्याळ तेथें दिवसाकांठीं सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. सेकंदाचा ठोका साधण्यास त्याला लंबक सुमारें पावणेतीन मिलिमीटर आंखूड करावा लागला. शंका निघाली कीं, उष्ण देशांत लोखंड वाढलें असेल, दुसरें काय! न्यूटननें आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथांत या शंकेचाहि विचार केला आहे. एक मीटर लांबीची लोखंडी सळई एक अंश सेल्सिअसनें तापली तर मिलिमीटरच्या सुमारें ऐंशीव्या भागाइतकी वाढते. पावणेतीन मिलिमीटर वाढण्यास दोनशें अंशांहून अधिक उष्णता हवी, आणि इतकी ती पृथ्वीवरच्या कोणत्याहि गांवांत नसते. उष्णतेचा वांटा असा वेगळा काढल्यावर उरलें तें एकच कारण : विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण कमी आहे. लंबक हें आतां पृथ्वीची परीक्षा घेण्याचें साधन ठरलें.

ह्याच कामासाठीं तें हिंदुस्थानांत आलें. विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासेस त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि पुढें ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणोत्तर मापनरेषा उत्तरेकडे सरकत राहिली. नेर गांव त्या रेखावृत्ताच्या किंचित् पश्चिमेस आहे. नागपूरकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्टन मरण पावला, तो नेरच्या पूर्वेस वर्धा नदीपलीकडे हिंगणघाट येथें.

या रेषेवर १८६५ सालीं कॅप्टन जेम्स बॅसेवी हा लंबक घेऊन निघाला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें दोन पितळी लंबक उसने दिले होते. कन्याकुमारीच्या बाजूपासून हिमालयापर्यंत एकामागून एक ठाणीं झालीं. सोमटाणा, बडगांव हीं त्यांतलींच नांवें, आणि बडगांवाचें अक्षांश नेरच्या अक्षांशाहून फारसें निराळें नाहीं. प्रत्येक ठिकाणीं लंबक दिवसाकांठीं सुमारें ८६,००० आंदोलनें करी. शोधावयाचा होता तो त्यांतील कांहीं थोड्या आंदोलनांचा फरक.

बॅसेवीची अडचण नेरच्या त्या विद्यार्थ्याचीच होती, केवळ शतपट मोठी. कन्याकुमारीहून मसुरीपर्यंत अक्षांशामुळें पडणारा फरक दिवसास सुमारें ५५ आंदोलनांचा. पण पितळ एक अंश सेल्सिअसनें तापलें कीं सुमारें पाऊण आंदोलन कमी होतें. म्हणजे वऱ्हाडांतील उन्हाळा व हिवाळा यांत २० अंशांचें अंतर धरलें तर सोळा आंदोलनें गेलीं. हजार फूट उंच चढलें कीं आणखी चार जातात. हवेचा दाब निराळा, झोक्याचा विस्तार निराळा. हीं सारीं चलें एकदम बदललीं तर हातीं आलेला आंकडा कशाचा म्हणावयाचा?

म्हणून लंबकाची लांबी कायमची ठरलेली होती. तो तांब्याच्या बंद पात्रांत टांगून आंतील बहुतेक हवा काढून टाकीत. झोका अगदीं लहान ठेवीत. उष्णतामापक पाहून प्रत्येक अंशाचा हिशेब वजा करीत. आणि लंबक दोन होते, तेहि उगीच नव्हे. एकास धक्का लागून त्यांत बदल झाला तर दुसऱ्याशीं ताडून तो ओळखावा, हा हेतु होता. जें स्थिर ठेवतां येई तें स्थिर ठेविलें. जें ठेवतां येत नव्हतें तें मोजलें.

या शिस्तीचें फळ हिमालयांत मिळालें. १८७१ सालीं बॅसेवी लडाखांत मोरे येथील पठारावर सुमारें १५,४०० फूट उंचीवर पोंचला. एवढ्या उंचीमुळें सुमारें ६४ आंदोलनें कमी व्हावीं. पण पायांखालील प्रचंड पठाराच्या आकर्षणानें त्यांतलीं सुमारें २४ भरून यावीं, असें गणित होतें. तीं जवळजवळ भरून आलींच नाहींत. पर्वताखालील भूस्तर विरळ असावे, या प्रॅट व एअरी यांनीं मांडलेल्या कल्पनेस त्यामुळें बळ मिळालें. बॅसेवी मात्र तें श्रेय घेण्यास उरला नाहीं. काम चालू असतांच, १७ जुलै १८७१ रोजीं त्याचा अंत झाला. तो अवघा ३९ वर्षांचा होता. त्याचें काम कॅप्टन हेविसाइड यानें पुरें केलें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत त्यानें हे लंबक हालविले. याच वेधशाळेंत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं काम केलें होतें. शेवटीं लंबक इंग्लंडांत क्यू येथें परत नेऊन पुन्हां तपासले, कारण इतक्या प्रवासांत ते स्वतःच बदलले नाहींत ना, हेंहि पाहणें अवश्य होतें.

शाळेच्या दृष्टीनें पुढील पाऊल जिनीव्हांत पडलें. मानसशास्त्रज्ञ बेर्बेल इन्हेल्डर व जां पियाजे यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मुलांपुढें लंबकच ठेविला होता. दोऱ्याची लांबी, वजन, सोडण्याची उंची व ढकलण्याचा जोर यांपैकीं कशानें वेळ बदलतो, हें मुलांनीं शोधावयाचें. लहान मुलें दोनतीन गोष्टी एकदम बदलीत व वजनासच कारण मानीत. एकच बदलून बाकीच्या तशाच ठेवण्याची युक्ति बहुधा कुमारवयांत सुचे.

ती सुचावी म्हणून शिक्षकानें सूत्र आधीं सांगूं नये. मुलांना प्रथम चुकूं द्यावें, मग एवढेंच विचारावें : ‘तूं काय काय बदललेंस?’ एक दोरा, एकच झोका, वजनें मात्र निरनिराळीं, आणि प्रत्येकीं वीस आंदोलनांचा वेळ. तरीहि एक सांपळा उरतो. पन्नास सेंटिमीटर दोऱ्यास एक सेंटिमीटर त्रिज्येचा गोटा बांधला तर लंबकाची खरी लांबी मध्यापर्यंत ५१ सेंटिमीटर. चार सेंटिमीटर त्रिज्येचा बांधला तर ५४. वीस आंदोलनांत जवळजवळ एका सेकंदाचा फरक पडतो, आणि वजनाची जुनी समजूत पुन्हां खरी वाटूं लागते! दोरा सारखा, पण लांबी सारखी नाहीं. ज्या मुलास हें आपलें आपण उमगलें, तो बॅसेवीच्या वाटेवर चार पावलें चालून आला.

यवतमाळ जिल्हा कापसाचा. एका वावरांत नवें बियाणें पेरलें, त्यासच खत अधिक घातलें, विहिरीचें पाणीहि त्यासच दिलें. दुसऱ्या कोरडवाहू वावरांत जुनें बियाणें टाकलें. पीक नव्यास अधिक आलें. विकणारा म्हणतो, ‘पाहा बियाण्याचा गुण!’ येथें हिशेब चुकला तर वहींत लाल फुली पडून भागत नाहीं, घरादारावर कर्ज चढतें. शाळेंत दोऱ्याला दगड बांधून जो एकदां फसला आणि सावध झाला, तो शेतकरी होऊन विचारील, ‘दोन्ही वावरांत आणखी काय काय निराळें होतें?’