दगडी घरांची भूमी आणि सागरतीरावरील नगरे

आफ्रिकेचा इतिहास युरोपीय जहाजांच्या आगमनापासून सुरू होतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. शोना आणि स्वाहिली या दोन समाजांच्या व्यापाराचा वृत्तांत पाहिला, म्हणजे हा समज किती एकांगी होता, हे ध्यानी येते.

झांबेझी व लिंपोपो या नद्यांमधील पठार ही शोना लोकांची भूमी. गोधन ही त्यांची मुख्य संपत्ती, तर ज्वारी व बाजरी ही प्रमुख पिके. याच पठारावर अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान ‘ग्रेट झिंबाब्वे’ हे नगर भरभराटीस आले. ‘झिंबाब्वे’ या शब्दाचा अर्थच ‘दगडी घरे’ असा केला जातो. ग्रॅनाइटचे चिरे कोणत्याही चुन्याविना रचून उभारलेला तेथील मोठा तट सुमारे २५० मीटर परिघाचा असून काही ठिकाणी तो ११ मीटर उंच आहे. पठारावरील लोक नदीच्या वाळूतून व उथळ खाणींतून सोने मिळवीत. ते सोने आणि हस्तिदंत सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या सोफाला बंदराकडे जाई.

किनाऱ्यावरील स्वाहिली समाज बांटू कुळातील भाषा बोलणारा आणि इस्लाम धर्म मानणारा होता. किल्वा, मोंबासा, मालिंदी ही त्याची प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली नगरे. सागरी व्यापाराचे सारे वेळापत्रक वाऱ्यांच्या हाती असे. ईशान्येच्या वाऱ्यावर जहाजे आफ्रिकेकडे जात, नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. दूरच्या सोफालापर्यंत जाऊन त्याच हंगामात परतणे कठीण असल्याने किल्वा हे मध्यस्थ बंदर समृद्ध झाले. १३३१ साली इब्न बतूता तेथे आला, तेव्हा अल्‌-हसन इब्न सुलेमान हा सुलतान राज्य करीत होता. त्याच सुलतानाच्या नावाचे एक तांब्याचे नाणे ग्रेट झिंबाब्वे येथे सापडले. चिनी व इराणी पात्रांचे तुकडेही तेथे मिळाले आहेत.

या सोन्याच्या मोबदल्यात खंभातचे रंगीत सुती कापड व भारतीय काचमणी आफ्रिकेत जात. पुढे पोर्तुगीज काळात चौलचे कापडही जाऊ लागले. सोफालाचे लोक खंभाती कापडाचे रंगीत धागे उसवून, ते आपल्या पांढऱ्या सुताबरोबर पुन्हा विणीत, असे पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी नोंदविले आहे. आयात मालालाही स्वतःचे रूप देणारा हा समाज होता.

या व्यापाराची एक बाजू मात्र अंतर्मुख करणारी आहे. आफ्रिकी हस्तिदंताला भारतात मोठी मागणी होती, आणि त्याच किनाऱ्यावरून दासांचीही निर्यात होत असे. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ आहे. तसेच ‘केशवाणिज्य’ही आहे, ज्यात दास व पशू यांच्या क्रयविक्रयाचा समावेश होतो. शास्त्रकारांना या व्यवसायांचा नावानिशी निषेध करावा लागला, यावरून त्यांचा मोह किती प्रबळ होता याची कल्पना येते. नफा-तोट्याच्या हिशेबात जीवहिंसेचाही हिशेब असतो, हे त्यांनी जाणले होते.

१५०५ साली पोर्तुगीजांनी किल्वा व मोंबासा लुटले. पठारावर मात्र त्यांची सत्ता टिकली नाही; १६९० च्या दशकात चांगामिरे डोंबो याने त्यांना तेथून हुसकावून लावले. पुढे वसाहतकाळात, हे भव्य नगर आफ्रिकी लोकांनी बांधलेच नसावे, असा प्रचार झाला. १९२९ च्या उत्खननानंतर गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी ते आफ्रिकी निर्मितीच असल्याचे प्रतिपादिले. तरीही ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीने ही गोष्ट सहज मान्य केली नाही. अखेर १९८० साली स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने त्याच नगराचे नाव धारण केले आणि तेथील शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेला पक्षी आपल्या ध्वजावर घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हालारी विसा ओसवाल बांधव पूर्व आफ्रिकेत स्थायिक होऊ लागले. आज मोंबासात जिनमंदिर आहे. ज्या भूमीने त्यांना आश्रय दिला, ती भूमी त्यांच्या आगमनापूर्वी रिकामी वा अज्ञानी नव्हती. तिच्या कर्तृत्वाची नोंद तिच्याच नावावर करणे, आणि त्याच चोपड्यात हस्तिदंताची व दासांची नोंदही न पुसणे, हेच सत्यव्रताला आणि अनेकान्तदृष्टीला धरून आहे.