तळटीप १४ : फवाऱ्यातील थेंबांचे गणित

१४. लेखकाच्या डोळ्यांसमोर आहे गॅस टर्बाइनच्या तोंडाशी, आत जाणारी हवा थंड करण्यासाठी मारलेला फवारा. त्यातले थेंब साधारण १० ते २० मायक्रॉन व्यासाचे. प्रत्येक थेंबाचा पृष्ठभाग संगणकात रेखायचा, तर जाळीचे घर थेंबाहून कितीतरी बारीक हवे. नोझलपाशी पाणी फाटते तेवढ्या जागेपुरते ते परवडते, पुढे नाही. म्हणून हवा जाळीवर सोडवून थेंबांचा माग काढणारी ऑयलर-लाग्रांज पद्धत. ('प्रत्येक थेंबाचा माग' हे लेखकाचे विधान सैल आहे, प्रत्यक्षात एकसारख्या असंख्य थेंबांमागे एकच प्रतिनिधी धरतात.)

क्रो, शर्मा आणि स्टॉक यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या रीतीत थेंब संवेग, उष्णता आणि वाफ यांचा हिशेब हवेच्या समीकरणांत परत भरतात. हा परतावा वगळण्याचा मोह होतो, कारण आकारमानाने पाणी हवेच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. पण वजनाने तेच सुमारे एक टक्का भरते, आणि परतावा वगळला तर गणितातली हवा थंडच होत नाही. थेंबांच्या आपसांतील टकरी मात्र लेखकाने सोडल्या आहेत. नोझलपासून दूर, इतक्या विरळ फवाऱ्यात, ते चालण्यासारखे आहे.