बागेच्या फाटकावरची पाटी

आमच्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर एक पाटी आहे. 'कुत्र्यांना आत आणू नये.' रोज सकाळी त्या पाटीखालीच दोन-तीन भटकी कुत्री तंगड्या ताणून निवांत झोपलेली असतात. परवा मी आमच्या चिंगीला घेऊन तिथून जात होते, तर वॉचमनकाकांनी लांबूनच हात हलवला. "ताई, कुत्रं नाही चालत आत." मी झोपलेल्या मंडळींकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "ती आणलेली नाहीत. ती इथलीच आहेत."

पाटीवरचा शब्द बघा, 'आणू नये'. काकांचं व्याकरण अगदी बरोबर होतं.

गंमत म्हणजे मी एकटी गेले की याच बागेत मला रीतसर परवानगी आहे. चमच्याने माती खरवडायची आणि पिशवीत भरून न्यायची. माझी पीएचडी सार्वजनिक बागांच्या मातीतल्या जंतांच्या अंड्यांवर आहे. मुख्यतः टॉक्सोकारा, म्हणजे कुत्र्यांच्या पोटातला गोल जंत. माती चाळायची, दाट मिठाच्या पाण्यात घोळायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि वर तरंगून आलेलं काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. अंडं सापडलं तर मिलीमीटरच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याएवढं असतं आणि त्याचं कवच गोल्फच्या चेंडूसारखं खड्ड्याखड्ड्यांचं दिसतं. दिसायला सुंदर असतं, खोटं कशाला बोलू.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहिताना गाईडनी विचारलं, "शहरातल्या बागेत कुत्र्याने यायचं की नाही, हे मुळात ठरवायला कुणी लागलं?" उत्तर शोधताना मी इतिहासात जी शिरले ती तीन आठवडे बाहेरच आले नाही. आजचं लिखाण त्या तीन आठवड्यांचं.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच करू. साल 1832. मोकाट कुत्री मारायचा नियम कंपनी सरकारने आधीच, म्हणजे 1813 मध्ये केलेला होता. वर्षातल्या ठराविक काळात पोलिसांनी बेवारशी कुत्री मारायची. उकाड्याने कुत्री पिसाळतात अशी तेव्हा युरोपात पक्की समजूत होती. ती चूक आहे. रेबीज हा विषाणू आहे आणि त्याला ऊन-सावलीचं काही देणंघेणं नाही. पण ते कळायला अजून बराच अवकाश होता. 1832 मध्ये मॅजिस्ट्रेटनी मारायची मुदत वाढवून दिली, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतंच.

आठ आणे ही त्या काळी चांगली रक्कम होती. आता तुम्हीच सांगा, हवालदाराला आठ आणे मिळवायचे असतील तर तो चावरं, दात विचकणारं कुत्रं पकडेल की ओट्यावर झोपलेलं पाळीव? लोकांची तक्रार नेमकी हीच होती. घरातली कुत्री ओढून नेतात आणि मारतात.

6 जूनला किल्ल्यात पारश्यांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या हवालदारांना गाठून चोप दिला. तो दिवस त्यांच्या धर्मात पवित्र होता, त्यामुळे राग दुप्पट. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान आपल्याला सहज कल्पना येणार नाही असं आहे. त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथात एक अख्खं प्रकरण कुत्र्यांवर आहे. माणूस गेला की त्याच्या देहाजवळ कुत्रा आणून त्याची नजर त्यावर पाडायची, हा 'सगदीद' विधी. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम. परलोकाच्या पुलावरही राखणीला कुत्रेच. अशा घरच्या दारातून आठ आण्यांसाठी कुत्रं ओढून नेलं तर काय होणार?

दुसऱ्या दिवशी प्रकरण पेटलं. किल्ल्यातली दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारं पाव-मांस, पाणी जमावाने अडवलं. म्हणजे बघा, कुत्र्यांपायी गोऱ्या पलटणीची न्याहारी बंद! शेवटी सैन्य बोलावून धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी शेटलोकांनी मग सरकारशी बोलून प्रकरण निवळवलं. याच जमशेटजींच्या पुढाकाराने 1834 मध्ये मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला, जिथे मारण्याऐवजी जनावरं सांभाळायची सोय झाली.

जेसी पालसेटिया या इतिहासकारांनी या दंगलीवर लिहिलंय. कुत्र्यांच्या निमित्ताने पारशी समाज इंग्रजांशी आपलं नातं तपासून बघत होता, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. ते पटतं. पण मी पडले जीवशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या जागी अडकलं. ती दंगल झाली कारण 'बेवारशी' म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वॉचमनकाकांचं 'ती इथलीच आहेत' हे वाक्य सरकारी नियमात बसत नव्हतं. किल्ल्यातली बरीचशी कुत्री कुणा एकाची नव्हती, गल्लीची होती. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश आले. 11 तारखेला सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा, आणि 22 तारखेला नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच परत सोडा. ते वाचताना मला सारखं 1832 आठवत होतं. 'तिथेच' हा शब्द मात्र यावेळी नियमात आलाय.

इंग्लंडने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. 1897 मध्ये शेतकी खात्याचा मंत्री वॉल्टर लाँग याने रेबीज असलेल्या भागांत मुसक्यांची सक्ती केली. रस्त्यावर कुत्रा दिसला तर त्याच्या तोंडाला मुसकं हवंच. शिवाय परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना क्वारंटाइन. लाँगला लोकांनी, विशेषतः कुत्री पाळणाऱ्या उच्चभ्रू मंडळींनी, यथेच्छ शिव्या दिल्या. पण तर्क साधा होता. हा रोग चाव्याने पसरतो. काही महिने कुणीच कुणाला चावू शकलं नाही तर साखळी तुटते. तुटलीही. 1902 मध्ये ब्रिटन रेबीजमुक्त झालं. पहिल्या महायुद्धानंतर चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत आला आणि 1922 पर्यंत तो पुन्हा घालवला.

हाच उपाय मुंबईत का नाही केला? कारण मुसकं बांधायला मालक लागतो. चुकलं तर दंड कुणाला करायचा, हे माहीत असावं लागतं. गल्लीच्या कुत्र्याचा मालक गल्ली. तिला कसला दंड करणार?

आता माझ्या जंताकडे. रेबीजने कुत्र्याचं तोंड बांधलं, तर या जंताने मालकाला खाली वाकायला लावलं. ही गोष्ट न्यूयॉर्कची. तिथे 1930 च्या दशकापासून पाट्या होत्या, कुत्र्याला फुटपाथवरून उतरवून रस्त्याच्या कडेला बसवा अशा. उचला असं कुणी म्हणत नव्हतं. 1970 च्या दशकात फ्रॅन ली नावाच्या बाईंनी मोहीम उघडली. त्यांच्या संघटनेच्या नावाचा अर्थच 'कुत्र्यांआधी मुलं' असा होता. त्यांचा मुख्य मुद्दा टॉक्सोकारा. लहान मुलं मातीत खेळतात, तोंडात हात घालतात, अंडं पोटात जातं. माणसाच्या शरीरात अळी मोठी होत नाही, पण भटकते. कधी यकृतात, कधी डोळ्यात. डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते.

विरोध जोरदार झाला. विष्ठा उचलायला लावणं हा अपमान आहे, म्हातारी माणसं कशी वाकणार, लोक कुत्री सोडून देतील, असं बरंच काही. तरी 1 ऑगस्ट 1978 पासून कायदा लागू झाला. उचला, नाहीतर दंड. माझं मत विचाराल तर तो कायदा डोळ्यांच्या भीतीपेक्षा बरबटलेल्या बुटांच्या वैतागावर जास्त पास झाला. पण विज्ञानाच्या बाजूने तो विलक्षण अचूक निघाला. कारण ताज्या विष्ठेतलं टॉक्सोकाराचं अंडं बाधतच नाही! त्यात अळी तयार व्हायला मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एकदा तयार झाली की मग ते अंडं वर्षानुवर्षं टिकू शकतं. म्हणजे त्याच दिवशी उचललं तर धोका जन्मायच्या आधीच संपतो, आणि महिनाभराने बाग कितीही झाडली तरी उपयोग नाही, कारण अंडी मातीत मिसळलेली असतात. मी चमच्याने उकरते ती हीच.

याच सुमारास, 1979 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ओलोनी पार्कमध्ये खास कुत्र्यांसाठी कुंपण घातलेला तुकडा सुरू झाला. डॉग पार्क या कल्पनेचा उगम बहुतेक जण तिथेच धरतात. जमीन भुयारी रेल्वेसाठी घरं पाडून मोकळी झालेली होती. आता आपल्याकडेही हैदराबादपासून इतरत्र असे पार्क निघालेत. चांगलं आहे, पण कुत्र्याला चालायला कुंपणातला चौकोन पुरत नाही, हे ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला सांगायला नको.

म्हणून पुण्यातले माझ्यासारखे लोक काय करतात? टेकडीवर जातात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी. पहाटे सहाला तिथे लॅब्रॅडॉरपासून गावठीपर्यंत सगळे भेटतात, बरेचसे मोकळे. मीही वर गेलं की चिंगीची साखळी काढायचे. 'ती काही करत नाही हो', हे वाक्य मीच शंभरदा म्हटलं असेल.

मग वाचत गेले. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडांवर, म्हणजे आपल्या लहानशा भारतीय कोल्ह्यावर, काम केलंय. कुत्रं नुसतं जवळपास असलं तरी खोकड समोरचं खाणं अर्धवट टाकतो. कुत्र्याने काही 'केलेलं' नसतं. त्याच भागातल्या गावकुत्र्यांचं रक्त तपासलं तेव्हा बहुतेकांना पार्व्हो, डिस्टेंपर होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. आणि डिस्टेंपर काय करतो ते 1994 मध्ये सेरेंगेटीत दिसलं होतं, तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय.

बरं, मी म्हटलं, चिंगीला सगळ्या लशी दिल्यात, नसबंदी झालीय, साखळी लावली की झालं. तर तिथेही पाणी फिरलं. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानवाटांवर बँक्स आणि ब्रायंट यांनी मुद्दाम साखळीला बांधलेले कुत्रे फिरवून बघितले. पक्ष्यांच्या जातींची विविधता 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. साखळीला बांधलेले! नुसती माणसं चालली तर घट याच्या निम्म्याहूनही कमी. टेकडीवरच्या पक्ष्यांवर असा प्रयोग कुणी करावा, असं मला फार वाटतं. पण टिटवी आणि तित्तर जमिनीवर अंडी घालतात, हे कळायला प्रयोग लागत नाही.

त्यामुळे सध्या आमचं असं चाललंय. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत चिंगी टेकडीवर गवतात जात नाही. खालच्या डांबरी रस्त्याने फिरतो, साखळी आखूड धरून, खिशात कागदाच्या पिशव्या. तिला हे मंजूर नाही. रोज चढाच्या वळणावर ती चारी पाय रोवून उभी राहते आणि मला तिला अक्षरशः ओढत न्यावं लागतं. गेल्या आठवड्यात तिथेच एक काका भेटले, त्यांचा लॅब मोकळाच होता. "सोडा हो तिला, किती त्रास देता बिचारीला," ते म्हणाले. मी टिटवीचं सांगायला सुरुवात केली, तोवर त्यांचा लॅब वरच्या गवतात दिसेनासा झाला होता आणि काका शिट्टी मारत त्याच्या मागे निघाले होते.