सातारा, सांगली आणि एक विलायती पदवी



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात फार झाले. कामगारांचे करारनामे वाचता वाचता आम्हांस जुने तहनामे वाचण्याची गोडी लागली. त्यांतूनच आजचा विषय सुचला : वारसा ठरवितो कोण?

25 सप्टेंबर 1819 रोजी कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य महाराजांनी, त्यांच्या वारसांनी व उत्तराधिकाऱ्यांनी निरंतर भोगावे, असे त्यात लिहिले होते. पुढे 1839 साली महाराजांस पदच्युत करून काशीस धाडले व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ह्यांस गादीवर बसविले. 5 एप्रिल 1848 रोजी आप्पासाहेब वारले. त्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, आणि आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरसासारखाच वारस. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क ह्यांचे मतही दत्तकास अनुकूल होते. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने सांगितले की, सार्वभौम सरकारच्या संमतीवाचून दत्तकास राज्य मिळत नाही. 1849 साली सातारा खालसा झाले.

त्याच 1849 साली, पंजाब घेतल्यावर, डलहौसीस मार्क्विस ही पदवी मिळाली. विलायतेत अशी पदवी राजाच्या सनदेने निर्माण होते आणि ती पुढे कोणाकडे जावी हेही सनदेतच लिहिलेले असते. बहुधा ती पोटच्या पुत्रांकडे व त्यांच्या पुत्रांकडेच जाते. दत्तकास तेथे स्थान नाही. डलहौसीस दोन्ही मुलीच. 1860 साली तो वारला आणि मार्क्विसची पदवी लोपली. घराण्याची 1633 सालची अर्ल ही पदवी मात्र त्याच्या चुलतभावाकडे गेली. माणूस एक, पदव्या दोन. सनदांतले शब्द निराळे म्हणून गती निराळी.

आता सांगलीकडे वळू. 1857 च्या उठावानंतर राज्यकर्त्यांचे धोरण पालटले व लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या. 1901 साली सांगलीचे धुंडिराजराव पटवर्धन निपुत्रिक वारले. 1903 साली चिंतामणराव दत्तक आले आणि गादी चालू राहिली. धर्मशास्त्र तेच, साहेबही तेच. साताऱ्यास जे नाकारले ते सांगलीस मिळाले.

करारात 'कायम' हा शब्द आला की कामगार आनंदतो. आम्ही त्यास विचारतो, बाबा, त्या शब्दाचा अर्थ लावणार कोण? 1819 च्या तहातही 'निरंतर' होते. अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या हाती राहिला, म्हणून ते तीस वर्षेच टिकले.

आणखी एक गोष्ट. साताऱ्याचे खालसा होणे असो की सांगलीचा दत्तक असो, शेत कसणाऱ्या रयतेस कोणी विचारले नाही. 1948 साली सांगली संस्थान विलीन झाले. 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखेही गेले. आता अर्थ लावणाऱ्यांस निवडण्याचा हक्क आपल्या हाती आहे. तो वापरताना साताऱ्याचा तह एकदा वाचावा, एवढीच आमची विनंती.