लिपी आणि भाषा: डोळ्यांची ओळख, कानांची ओळख

'७' हा अंक पाहून मराठी माणूस 'सात' म्हणतो, तमिळ माणूस 'एळु'; अर्थ एकच. चिनी अक्षरांचेही बरेचसे असेच आहे. डोंगराचे अक्षर चिनी वाचक 'शान' वाचतो, जपानी वाचक 'यामा'. म्हणूनच १६०७ ते १८११ या काळात जपानला गेलेले कोरियन दूत, बोली समजत नसतानाही, तिथल्या विद्वानांशी कुंचल्याने लिहून संवाद साधत. कोरियाची स्वतःची ध्वनिलिपी १४४६ मध्ये जाहीर झाली होती, तरीही!

आपल्याकडे उलटे झाले. अठराव्या शतकात पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे मराठीत पत्रे लिहीत, पण मोडी लिपीत. भाषा आपली, तरी मूळ कागद आपल्याला परका. तुमच्या घरातले जुने मोडी कागद आज कोण वाचू शकेल?